पेटी वाजवत गाताना माइक कुठला घ्यावा आणि कुठे ठेवावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर १० बाय १२ फुटांची खोली, खाली टाइल्स. तुम्ही काळी चारमध्ये अभंग आणि नाट्यगीतं गाता, पेटी स्वतः वाजवता, तबल्याला शेजारचे काका येतात. हाताशी ४० हजार रुपये आहेत. कंडेन्सर माइक (वीज लागणारा, बारकाईने ऐकणारा) घ्यावा की डायनॅमिक (वीज न लागणारा, रंगमंचावर दिसतो तसा), आणि कुठल्या कंपनीचा?

वीस-बावीस वर्षं मी ध्वनिमुद्रणाचंच काम करतोय. मोठ्या स्टुडिओत थोडं, लोकांच्या घरांत, देवळांत आणि शाळांच्या हॉलमध्ये जास्त. तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती एक जाता जाता लिहिलेली गोष्ट: पेटी तुम्ही स्वतः वाजवता. म्हणजे एक आवाज तोंडातून निघतो आणि दुसरा त्याच्या खाली हातभर अंतरावरून. माइक घेताना सगळे विचारतात, हा किती छान ऐकतो? तुम्ही आधी विचारायला हवं, हा कुठल्या बाजूने बहिरा आहे?

घरी वापरायचे बहुतेक माइक कार्डिऑइड असतात. समोरचं नीट ऐकतात, बाजूने कमी आणि बरोबर पाठीमागून सगळ्यात कमी. आता आपल्याकडे माइक लावतात कसा? स्टँड पेटीच्या पलीकडे, दांडी आडवी, माइक तोंडासमोर सरळ. या मांडणीत पेटी माइकच्या बरोबर खाली येते, म्हणजे ९० अंशांवर. तिथे कार्डिऑइड माइक समोरच्यापेक्षा फक्त ६ डेसिबलने कमी ऐकतो. ही वजावट काहीच नाही. मग गाण्याच्या ट्रॅकवर पेटी भरभरून येते, आणि गळा जरा वर काढायला गेलं की पेटीही सोबत वर येते.

त्याऐवजी माइक हनुवटीच्या खाली आणा आणि मान वर करून तुमच्या तोंडाकडे बघतोय असा तिरका लावा. तोंडापासून एक वीत अंतर. आता माइकची पाठ पेटीकडे झाली. फरक ऐकायला कानांना कसलंही शिक्षण लागत नाही. शिवाय तोंडातून निघणारी हवा समोर जाते आणि माइक तिच्या वाटेतून बाजूला होतो, त्यामुळे 'पांडुरंग'मधला प आणि 'भक्ती'मधला भ फटकन आदळत नाहीत. आपल्या भाषेत ख, ठ, थ, फ, भ यांची रेलचेल आहे आणि अभंगात तर 'विठ्ठल' दर दोन ओळींनी येतो, तेव्हा पॉप फिल्टर, म्हणजे माइकपुढची हवा अडवणारी जाळी, तरीही लावाच. भरतकामाच्या गोल रिंगवर जुना नायलॉनचा पायमोजा ताणून बसवला तरी काम होतं. मी अनेक वर्षं तेच वापरलं.

सुपरकार्डिऑइड माइक असेल तर मात्र हा हिशोब बदलतो. तो बरोबर मागून थोडं ऐकतो, त्याची बहिरी जागा मागच्या दोन तिरक्या बाजूंना, साधारण १२६ अंशांवर असते. आठच्या आकड्यासारखा ऐकणारा माइक दोन्ही बगलांना जवळजवळ पूर्ण बहिरा असतो. त्याची बगल पेटीकडे केली की पेटी अशी गायब होते की पहिल्यांदा विश्वास बसत नाही. पण तो माइक पाठीमागून तेवढंच स्वच्छ ऐकतो, म्हणजे त्याच्या मागची भिंत शांत हवी. घरातल्या खोलीत ते जमणं कठीण.

आता कंडेन्सर की डायनॅमिक. 'डायनॅमिक माइक खोलीचा घुमारा पकडत नाही' हे वाक्य तुम्ही दहा जणांकडून ऐकलं असेल. ते अर्धंच खरं आहे. डायनॅमिक माइक बोथट असतो, म्हणून आपण त्याला तोंडाला चिकटून गातो. खोली कमी येते ती त्या जवळिकीमुळे. दोन्ही माइक कार्डिऑइड असतील, एकाच अंतरावर असतील आणि गळ्याची पातळी सारखी करून घेतली, तर खोली दोन्हींत जवळपास सारखीच ऐकू येते. अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो आणि खोलीचा घुमारा आहे तिथेच राहतो. सगळा खेळ या एका गोष्टीचा आहे.

खरा फरक दोन ठिकाणी पडतो. पहिला, सिग्नल किती जोरात येतो. शुअर एसएम ५८ हा रंगमंचावरचा सगळ्यांच्या ओळखीचा माइक. तो १९६६ साली आला आणि आजही तसाच विकला जातो. त्याच्या तुलनेत ऑडिओ-टेक्निका एटी २०३५ सारखा कंडेन्सर सुमारे २० डेसिबल जास्त, म्हणजे दहापट व्होल्टेज देतो. हळू आवाजात आलाप घेणाऱ्या बाईंसाठी डायनॅमिक लावला, की इंटरफेसचा (माइक संगणकाला जोडणाऱ्या डब्याचा) गेन, म्हणजे आवाज वाढवायचा खुंटा, शेवटपर्यंत फिरवावा लागतो आणि मागे सूं-सूं सुरू होते. पॉडकास्टवाल्यांचा लाडका शुअर एसएम ७बी तर त्याहून बोथट. त्याला किमान ६० डेसिबलचा गेन लागतो हे कंपनी स्वतःच सांगते. गायला बसलेल्या माणसाने फोटोत छान दिसतो म्हणून तो घेऊ नये. दुसरा फरक वरच्या सुरांचा. आवाजाने थरथरणारा आतला पडदा पातळ असल्यामुळे कंडेन्सर गळ्यातली हवा, शब्दाची कड, मुरकीतले बारीक दाणे जास्त बारकाईने टिपतो. म्हणून तुमच्या गळ्यासाठी मी कंडेन्सरच सांगेन, पण वीतभर अंतर आणि पाठ पेटीकडे या अटीवर.

कंडेन्सरला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागतो, तो इंटरफेसवरच्या बटनातून मिळतो. हजारभर रुपयांत 'स्टुडिओ कंडेन्सर' म्हणून मिळणारे आणि हेडफोनच्या खोबणीत खुपसायचे माइक यात मोजू नका. थेट संगणकाला जोडायचे यूएसबी माइक वाईट नसतात, एकट्याने बोलायला उत्तम. पण उद्या तबल्याला दुसरा माइक हवा झाला तर एकाच संगणकावर दोन यूएसबी माइक एका तालात चालवणं ही डोकेदुखी आहे. तुमच्याकडे तबला आहे, तेव्हा तो रस्ता धरू नका.

माइकच्या माहितीपत्रकात 'सेल्फ नॉइज' (माइकची स्वतःची सूं-सूं) नावाचा एक आकडा असतो. एटी २०२० चा २०, एटी २०३५ चा १२, रोड एनटी१-ए चा ५ डेसिबल. कमी तेवढा चांगला, म्हणून लोक त्यावर वाद घालतात. पण फ्लॅटमध्ये रात्री सगळं बंद करूनही ३० डेसिबलच्या खाली उतरणं अवघड असतं. तुमचा गळा वीतभरावर असताना १२ आणि ५ मधला फरक तुम्हाला कळणार नाही. वरच्या मजल्यावरची खुर्ची सरकलेली मात्र कळेल. मी २०३५ कडे झुकतो ते त्याच्या अंगावर ८० हर्ट्झचा लो-कटचा खटका आहे म्हणून. काळी चारचा मध्य षड्ज (सा) सुमारे २०८ हर्ट्झवर येतो आणि मंद्र पंचम (त्याखालचा प) १५६ वर. त्यामुळे ८० हर्ट्झखालचं सगळं कापलं तरी तुमच्या गाण्यातला एक कणही जात नाही. जाते ती रस्त्यावरच्या ट्रकची घरघर आणि जमिनीतून येणारा पावलांचा धप्पा. काळी एकमध्ये गाणारा पुरुष असता तर मी जपून सांगितलं असतं, कारण त्याचा मंद्र पंचम १०४ वर आणि खर्ज (खालचा सा) ६९ वर येतो. तिथे हा खटका खर्जाचाच पाय कापतो.

इथे माझीच एक फजिती सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत सांगलीकडे एका वाड्यात बैठक मुद्रित केली. माइक नवा कोरा, मोठ्या पडद्याचा, बाजूने ऐकणारा. अशा माइकचं तोंड टोकाला नसतं, एका अंगाला असतं, बहुतेक वेळा कंपनीचं चिन्ह असतं त्या अंगाला. मी चिन्ह प्रेक्षकांना दिसेल असं ठेवलं, छान दिसावं म्हणून. पूर्ण दोन तास बुवा माइकच्या पाठीत गायले आणि समोरच्या रांगेतला एक खोकणारा माणूस अगदी स्टुडिओच्या दर्जाने मुद्रित झाला. त्या दिवसापासून मी माइक लावला की आधी त्याच्याभोवती टिचक्या वाजवत एक चक्कर मारतो.

आता खोलीबद्दल, कारण ४० हजारांतला पहिला रुपया इथे जायला हवा. घरी एक साधा प्रयोग करा. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीनंतर 'टर्रर' असा पत्र्यासारखा थरथरता आवाज आला तर तो समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमधला प्रतिध्वनी आहे. तो मारायला कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, पुस्तकांची मांडणी, जाड पडदा पुरतो. अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवू नका; त्यांनी ना बाहेरचा आवाज अडतो ना आतला नीट शोषला जातो. एक इंची फोमचे त्रिकोणी तुकडेही फक्त वरचे सूर खातात आणि खोली आणखी कोंदट करतात. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते. तिला इंचभर फोम म्हणजे भिंतीवर दिलेला रंग.

आपल्याकडे त्यापेक्षा चांगली वस्तू आहे: कापसाची जुनी गादी. पिंजारीकडून भरून घेतलेली चार इंची गादी तुमच्या पाठीमागे भिंतीला उभी करा, भिंत आणि गादी यांत वीतभर फट सोडून. पाठीमागे का? माइक तुमच्या तोंडाकडे बघतोय, म्हणजे तुमच्या मागची भिंत त्याला थेट दिसते. लोक फोम लावतात तो माइकच्या मागे, जिथे तो तसाही बहिरा असतो. गादीवर जाड गोधडी टाकली तर आणखी छान. पैसे उरले तर पुढे लाकडी चौकटीत रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) भरून दोन पट्टे करता येतील, पण ती पुढच्या वर्षीची गोष्ट.

बसायचं कुठे? बरोबर मध्यात नाही आणि कोपऱ्यात तर मुळीच नाही. १२ फुटांच्या लांबीला सुमारे ४७ हर्ट्झवर आणि १० फुटांच्या रुंदीला ५६ वर खोली स्वतःच गाऊ लागते. कोपऱ्यात हे घुमे सगळ्यात फुगतात, मध्यावर गळून जातात. गळ्याला याची फार झळ लागत नाही, डग्ग्याला लागते. लांबीच्या एक तृतीयांशावर बसा, तोंड उरलेल्या दोन तृतीयांशांकडे.

फरशीचंही एक गणित आहे. समजा तुम्ही पेटीशिवाय मांडी घालून गाताय, तोंड आणि माइक दोन्ही जमिनीपासून पाऊण मीटरवर, आणि माइक तीन फुटांवर ठेवलाय. तोंडातून थेट गेलेला आवाज आणि फरशीवर आपटून गेलेला आवाज यांच्या वाटेत सुमारे ८५ सेंटिमीटरचा फरक पडतो. त्यामुळे २०० हर्ट्झच्या आसपास दोघं एकमेकांना खातात. तुमचा षड्ज २०८ वर आहे! 'घरी सा पोकळ येतो, क्लासमध्ये नाही' अशी तक्रार मी कितीतरी गायिकांकडून ऐकली आहे, आणि बऱ्याच वेळा उत्तर त्यांच्या गळ्यात नव्हतं, फरशीत होतं. माइक वीतभर अंतरावर आणला की फरशीवरून येणारा आवाज थेट आवाजापेक्षा सुमारे १६ डेसिबल दुबळा होतो आणि खड्डा जवळजवळ भरतो. नुसत्या सतरंजीने तो भरत नाही, ती इतक्या खालच्या सुराला पातळ पडते.

जवळ जायलाही मर्यादा आहे. कुठलाही दिशा धरणारा माइक अगदी जवळून खालचे सूर फुगवून दाखवतो. चार बोटांवर गायलात तर आवाज रेडिओवरच्या निवेदकासारखा जाड होईल, आणि तारसप्तकात गेल्यावर तुम्ही सवयीने मागे सरकाल तेव्हा तोच आवाज एकदम पातळ पडेल. एका ओळीत दोन गायिका ऐकू येतात. म्हणून वीतभर, आणि मान स्थिर.

माइकपासूनचं अंतर ही नवी भानगड नाही. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायस्बर्गने कलकत्त्यात गायिका गौहर जानचं गाणं मुद्रित केलं तेव्हा मुद्रणात माइक नावाची चीजच वापरात नव्हती. गाणारा कर्ण्यात तोंड घालून गायचा. विजेवरचं मुद्रण १९२५ मध्ये आलं. तोवर मिक्सिंग म्हणजे कोण कर्ण्याच्या किती जवळ बसतो एवढंच. त्या तबकड्या ऐकताना साथीचं वाद्य लांब का वाटतं, तर ते खरंच लांब असायचं.

पेटीकडे येऊ. पेटीचा आवाज वरच्या जाळीतून निघतो, आणि तिला तीन आगंतुक आवाज असतात: भात्याचा श्वास, पट्ट्यांची खटखट आणि सैल लाकडाचं कुरकुरणं. भाता श्रोत्यांच्या बाजूला असल्यामुळे समोरून लावलेला माइक सगळ्यात आधी भाताच ऐकतो. माइक तुमच्या उजव्या हाताच्या बाजूला, जाळीच्या हातभर वर, खाली बघणारा ठेवा. डावा हात भात्यावर असतो, तो त्यामुळे लांब राहतो. याला शुअर एसएम ५७ सारखा डायनॅमिक मस्त चालतो. पेटीचे वरचे सूर मुळातच टोचरे असतात आणि हा माइक ते थोडे मऊ करतो. पट्ट्यांची खटखट कमी करायची तर माइकपेक्षा दुरुस्तीवाल्याकडे जा, पट्टीखालचं नमदं बदललं की अर्धा आवाज जातो. कुरकुरण्यासाठी पेटीखाली घडी केलेली शाल घाला.

दोन माइक एकाच वेळी चालू असतील तर एक जुना नियम पाळा: दुसरा माइक पहिल्यापासून निदान तिप्पट अंतरावर हवा. गळ्याचा माइक तोंडापासून एक वीत, तर पेटीचा माइक त्या माइकपासून तीन वीत. नाहीतर तोच सूर दोन्हींत थोड्या फरकाने पोचतो आणि आवाज पत्र्याच्या नळीतून आल्यासारखा होतो.

तबल्याबद्दल मात्र मी जरा लांब बोलणार, कारण घरगुती रेकॉर्डिंग सगळ्यात जास्त इथेच फसतं. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवलं की तबल्यावरच्या काळ्या शाईमुळे त्याचे उपस्वर (मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सूर) एकमेकांशी सुरेल नात्यात येतात. इतर बहुतेक तालवाद्यांत ते बेसूर विखुरलेले असतात. म्हणून तबला सुरात लागतो. पण हे उपस्वर पुडीच्या (वरच्या कातड्याच्या) वेगवेगळ्या भागांतून वेगवेगळ्या ताकदीने निघतात. माइक चाटेवर (पुडीच्या कडेवर) चार बोटांवर आणला की फक्त 'ना'ची टणटण येते, शाईवर आणला की 'तिं'चा घुमारा येतो आणि चाट हरवते. सगळी पुडी एकत्र कानावर पडायला हातभर अंतर लागतंच. पुढून, पुडीपासून हातभर वर, तबला आणि डग्गा यांच्या मधोमध बघणारा पण किंचित तबल्याकडे झुकलेला एक माइक: घरगुती अभंगाला एवढं पुरतं. डग्गा कमी वाटला तर गेन वाढवू नका, माइक दोन बोटं डग्ग्याकडे सरकवा.

दोन माइक लावायचेच असतील तर डग्ग्याचा माइक तळहाताच्या हवेच्या झोतातून बाजूला ठेवा. काका मनगट दाबून घिस्सा काढतील तेव्हा तिथून वाऱ्याचा फुगा निघतो, तो थेट माइकवर आदळला की भड् असा आवाज येतो आणि तो नंतर कशानेही निघत नाही. दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवून एकाची फेज उलटी करून (म्हणजे त्याची लाट वरखाली उलटवून) बघा. ज्या बाजूला डग्गा भरदार लागतो ती बरोबर. आणि चुंबळ! घट्ट विणलेली चुंबळ घ्या, सैल असेल तर तबला फरशीवर हलतो आणि प्रत्येक 'धा'ला खाली टक् वाजतं. मी एकदा तासभर केबल बदलत बसलो होतो, दोष चुंबळीचा निघाला.

मग सगळं एकत्र मुद्रित करायचं की वेगवेगळं? दोन्ही रस्त्यांना किंमत आहे. एकत्र वाजवलं की समेवर येण्यातली मजा, काकांनी तुमच्याकडे बघून घेतलेला तुकडा, ओळीच्या शेवटी जरा थांबणं, हे सगळं मिळतं. पण एक चूक झाली तर ती तिन्ही माइकांत असते, नुसता तबला पुसता येत नाही. वेगवेगळं केलं की प्रत्येक आवाज स्वच्छ मिळतो, पण क्लिकच्या (हेडफोनमध्ये वाजणाऱ्या यांत्रिक लयीच्या) ठोक्यावर गायलेला अभंग कवायतीसारखा वाटतो. आपली लय पहिल्या ओळीपासून गजरापर्यंत थोडी चढतेच, आणि ती चढायलाच हवी. तुमच्या ठिकाणी मी असा बेत करेन. आधी तुम्ही आणि काका एकत्र बसून पूर्ण अभंग घ्या. पेटी आणि गळा फक्त दिशा दाखवायला, सगळं लक्ष तबल्याच्या ट्रॅकवर. त्या तबल्यावर नंतर पेटी वाजवा. शेवटी पेटी बाजूला ठेवून, हात मोकळे, फक्त गा. पेटी वाजवत गाण्याची सवय असलेल्यांना पहिले पाच मिनिटं हातांचं काय करावं ते कळत नाही, मग आवाज मोकळा होतो. नाट्यगीतांना मात्र पेटी आणि गळा एकत्रच घ्या. पेटी तिथे गळ्याच्या मागून सावलीसारखी चालते, ती नंतर जोडली की सावली अर्धी पावलं मागे पडते.

या पद्धतीला इंटरफेसवर माइकच्या दोन जागा लागतात. दुकानात 'सोलो' किंवा तशाच नावाने मिळणाऱ्या स्वस्त इंटरफेसवर माइकची जागा एकच असते. दुसरी खोबण गिटारसाठी. फोकसराइट स्कारलेट २आय२ किंवा तशा कुठल्याही दोन माइकच्या इंटरफेसवर थांबा. गेन लावताना तुमची सगळ्यात जोरकस तान घ्या आणि काटा वरच्या टोकाच्या १०-१२ डेसिबल खाली राहील असं बघा. २४ बिटमध्ये मुद्रित करताय, पातळी कमी राहिली तरी काही बिघडत नाही. लाल दिवा लागला तर ती तान गेली. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत असेल तर डायरेक्ट मॉनिटरचं बटन दाबा, संगणकाच्या फेऱ्यातून आवाज फिरवू नका. सॉफ्टवेअरवर मी वेळ घालवणार नाही. रीपर चांगलं, आणि विकत घेण्याआधी ६० दिवस वापरून बघता येतं.

तानपुऱ्याची फाइल थेट ट्रॅकवर घाला, स्पीकरवर लावून माइकने परत मुद्रित करू नका. घरी मिरजेचा तंबोरा असेल तर गोष्ट वेगळी (मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं). तो सगळ्यात आधी, एकटा, दहा मिनिटं घ्या, माइक घोडीच्या हातभर समोर. मात्र सूर पेटीशी जुळवूनच. पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून निघणाऱ्या गंधारापेक्षा १४ सेंट चढा असतो (पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट असतात), दोन्ही जोरात वाजले की हवेत लहरी उठतात. आकाशवाणीने १९४० पासून तीन दशकं पेटीला दार बंद ठेवलं त्यामागे सुरांचाही वाद होता. आपण पेटी बंद करायची नाही, मिक्समध्ये एक पायरी खाली ठेवायची. काका दुसऱ्या दिवशी येणार असतील तर आदल्या दिवशीच्या षड्जाचा आकडा ट्यूनरवर बघून लिहून ठेवा. एसी लावलेल्या आणि न लावलेल्या खोलीत तबला एकाच सुरात राहत नाही.

हेडफोन बंद पाठीचे घ्या. गायक मंडळींना एक कान मोकळा ठेवायची सवय असते, आणि तो मोकळा कप गालाजवळून तानपुरा माइकमध्ये ओततो. एका बाजूचा आवाज बंद करून तोच कप डोक्याला टेकवून ठेवा.

पैशांची वाटणी. किमती दर महिन्याला हलतात म्हणून प्रमाण सांगतो. साधारण ४० टक्के इंटरफेसला, ३० टक्के गळ्याच्या कंडेन्सरला, उरलेल्यात हेडफोन, दोन जड स्टँड, केबल आणि गादी. एसएम ५७ पहिल्या खेपेत बसला नाही तर थांबा, तोवर एकच कंडेन्सर आळीपाळीने वापरा. वेगवेगळं मुद्रित करताना ते चालतं. हलका स्टँड मात्र घेऊ नका, माइक वजनदार असतो आणि तो पडतो तेव्हा पडद्यावरच पडतो. एसएम ५७ आणि ५८ च्या हुबेहूब नकला बाजारात फार आहेत. निम्म्या किमतीत मिळाला तर तो खरा नाही. बिलासकट, अधिकृत विक्रेत्याकडून घ्या.

मुद्रणाच्या वेळी पंखा बंद, फ्रीज बंद. फ्रीज बंद केलात की घराची किल्ली त्याच्यात ठेवा, म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय कोणी बाहेर पडणार नाही. मी ठेवली नव्हती तेव्हा यजमानांचं दोन लिटर दूध नासलं. लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर गुणगुण थांबत असेल तर भिंतीतल्या अर्थिंगचा दोष आहे, वायरमनला बोलवा. तोवर चार्जर काढून बॅटरीवर काम करा. पावसाळ्यात कंडेन्सरमध्ये दमट हवा शिरली की तो तडतडतो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि पुड्या गुलाबी पडल्या की बदला. गणपतीच्या दहा दिवसांत मुद्रणाचा बेत आखू नका, तिथे कुठलाही माइक बहिरा नसतो.

खिडकी कुठल्या भिंतीला आहे, रस्ता त्याच बाजूला आहे का, आणि दाराची बाजू कुठली, एवढं एका कागदावर काढून पाठवा. पेटी नेमकी कुठे मांडायची ते मग इंचात सांगता येईल.